गड्ड्याच्या थंडीत पेटणारा पिवळा दिवा

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची यात्रा सुरू असते त्या दिवसांत अनेक गाडीवाल्यांना हा अनुभव येतो. सकाळी गाडी काढली की डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी असल्याचं सांगणारा, उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा लागतो आणि होटगी रोडने थोडं अंतर गेलं की आपोआप विझतो. ‘सेन्सर बिघडलाय’ असं म्हणून विषय संपतो. बिघाड बहुतेक वेळा सेन्सरमध्ये नसतो, हवा भरण्याच्या वेळेत असतो.

समजा, पुण्याहून भर दुपारी येताना टेंभुर्णीला थांबून हवा तपासली. रस्ता आणि टायर दोन्ही तापलेले, आतली हवा 55 अंशांवर. गेजवर 33 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दिसले, आपण खूश. पण गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरच्या हवेचे साधारण 14 मिळवले, तर टायरमधला खरा दाब होतो 47. हवा गार झाली की हा सगळा 47 तापमानाच्या प्रमाणात उतरतो (तापमान मात्र उणे 273 अंशांपासून मोजायचं). जानेवारीतल्या पहाटे 15 अंशांना तो 41 वर येतो, म्हणजे गेजवर जेमतेम 27. कुठेही पंक्चर नाही, तरी सहा पीएसआय गायब! गाडी धावली की टायर पुन्हा तापतो, दाब चढतो आणि दिवा विझतो. नायट्रोजन भरला तरी हिशोब हाच. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. म्हणूनच कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा गार टायरसाठी असतो.

हे मोजणारा सेन्सर बहुधा व्हॉल्व्हच्या बुडाशी, रिमच्या आतल्या बाजूला बसवलेला असतो. त्यात सिलिकॉनचा एक अतिपातळ पडदा असतो. दाबाने तो किंचित वाकतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून दाब कळतो. सोबत तापमान मोजायची सोय आणि छोटी लिथियम बॅटरी. गाडी उभी असताना तो जवळजवळ झोपलेलाच असतो. चाक फिरू लागलं की जागा होतो आणि स्वतःच्या ओळख क्रमांकासह रेडिओ संदेश सोडतो. आपल्याकडे त्यासाठी साधारणपणे 433 मेगाहर्ट्झची लहर वापरतात. बॅटरी पाच ते दहा वर्षं चालते. ती संपली की बहुतेक वेळा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो, कारण ती आत पक्की बुजवलेली असते. दिवा आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर मात्र दोष यंत्रणेतच आहे.

काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून तेवढ्याच अंतरात जास्त फिरतं. एबीएसचे (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) वेगमापक हा फरक पकडतात. युक्ती झकास, पण चारही टायर सारखेच उतरले तर साध्या यंत्रणेला काहीच कळत नाही. शिवाय हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं, आणि तेच नेमकं राहून जातं.

काही गाड्यांत दिवा लागतोही उशिरा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे तो 25 टक्के दाब कमी झाल्यावर लागला तरी चालतो, म्हणजे 33 चे 25 होईपर्यंत गप्प! त्याहून अवघड गोष्ट सोलापूरच्या उन्हाळ्याची. हळूहळू गळणारा टायर एप्रिलच्या दुपारी तापून पुरेसा दाब दाखवतो आणि गळती महिनाभर लपून राहते. तेव्हा गेज लावायचा तो सकाळी, गाडी हलवण्याआधी.

आणि टायर काढायची वेळ आली, तर पंक्चरवाल्याने लिव्हर घालण्याआधीच त्याला सांगा, ‘आत व्हॉल्व्हपाशी सेन्सर आहे.’ तिथेच लिव्हर बसला, तर पंक्चरच्या पैशांवर सेन्सरचे पैसे चढतात.