विडाल टेस्ट आली कुठून

ताप तीन दिवस हटला नाही की घरातलं कोणीतरी म्हणतंच, एकदा विडाल करून घे, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी. संध्याकाळी रिपोर्ट येतो, ओ १:८०, एच १:१६०, आणि 'थोडा टायफॉईड निघालाय' असं सगळ्या नातेवाईकांना कळवून होतं. थोडा टायफॉईड हा काय प्रकार असतो ते मला लॅबमध्ये काम करताना कळलं नाही नि आजही कळत नाही, पण ह्या आकड्यांचा घोळ समजायचा तर १८९६ सालात जावं लागतं.

त्याआधी मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, ओळखायचा म्हणजे सगळी डॉक्टरच्या नजरेची कमाल. ताप पायरीपायरीने चढतो, प्लीहा हाताला लागते, पोटावर गुलाबी ठिपके येतात, जे सावळ्या कातडीवर दिसणं मुश्किलच. टायफस आणि टायफॉईड हे दोन वेगळे आजार आहेत हेसुद्धा नीट मांडलं गेलं १८३७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या गेरहार्डकडून. जंतू एबर्थला दिसला १८८० साली, तोही मेलेल्या पेशंटच्या प्लीहेत, आणि गाफ्कीने तो १८८४ मध्ये वाढवून दाखवला. म्हणजे गुन्हेगार माहीत होता पण अंथरुणावर पडलेल्या जिवंत माणसात तो आहे का हे पटकन सांगायची सोय नव्हती.

१८९६ मध्ये व्हिएन्नात ग्रुबर आणि त्याच्याकडे शिकायला आलेला इंग्रज डरहॅम, ह्या दोघांना दिसलं की जंतू टोचलेल्या प्राण्याचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) त्याच जंतूंच्या पाण्यात टाकलं की जंतू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. त्यांना ह्यातून जंतू ओळखायचा होता, सीरम ओळखीचं, जंतू अनोळखी. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसच्या विडालने हे सरळ उलटं फिरवलं, जंतू ओळखीचा घेतला आणि सीरम आजारी माणसाचं. मायक्रोस्कोपखाली वळवळणारे जंतू गप्प झाले, गोळा झाले, तर टायफॉईड. बस्स, एवढीच युक्ती. ग्रूनबाऊम नावाचा एक जण ग्रुबरकडेच हाच प्रयोग पेशंटवर करत होता पण छापण्यात मागे पडला, नाहीतर आज आपण 'ग्रूनबाऊम करून घे' म्हणत असतो.

पसरली पण किती पटकन! माँट्रियलच्या वायट जॉन्स्टनने त्याच वर्षी दाखवलं की कागदावर वाळलेला रक्ताचा थेंब पाठवला तरी चालतं.

रिपोर्टमधले ओ आणि एच पुढे आले, वाईल आणि फेलिक्सच्या कामातून, आणि ही अक्षरं जर्मन आहेत. प्रोटियस नावाचा जंतू प्लेटवर असा पसरतो की काचेवर श्वास सोडल्यावर वाफ धरते तसा पातळ थर दिसतो, त्या श्वासाच्या वाफेला जर्मनमध्ये हाउख, म्हणून एच, आणि थर नाही तो 'ओने हाउख', म्हणजे हाउखशिवाय, म्हणून ओ. तीच अक्षरं टायफॉईडच्या जंतूलाही लागली, एच म्हणजे जंतूच्या शेपटीविरुद्धची अँटीबॉडी, ओ म्हणजे अंगाविरुद्धची. ट्यूबमध्ये रात्रभर ठेवलं की सकाळी एचचे पुंजके कापसासारखे भुरभुरीत दिसायचे आणि ओचे खडूच्या भुकटीसारखे तळाला, एकदा बघितलं की डोळा चुकत नाही. आता बहुतेक ठिकाणी स्लाईडवर निळा-लाल थेंब टाकून मिनिटभर हलवतात, झालं. घाईत कडेला वाळलेला थेंबही पुंजक्यासारखा दिसतो हे मी स्वतः चुकून शिकलोय.

खरी गोची अशी की ही टेस्ट जंतू शोधतच नाही, अंगाने जंतूला दिलेलं उत्तर शोधते. ते उत्तर यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी केलेली विडाल निगेटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही, आणि पॉझिटिव्ह आली तर मागच्या वर्षीचा आजार, लस, किंवा दुसराच कुठला ताप असू शकतो, एच तर कित्येक महिने उतरत नाही. जिथे टायफॉईड घरोघरी तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडं टायटर (सीरम किती पट पातळ केलं तरी पुंजके होतात तो आकडा, १:८० म्हणजे ऐंशी पट) असतंच, म्हणून एका रिपोर्टपेक्षा आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन चौपट वाढ बघा असं पुस्तकात सांगितलेलं असतं. पण तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन दहा दिवस थांबणार कोण? जंतूच हवा तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणं, पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आधी. त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस तरी जातात, खर्च जास्त, आणि पेशंट बहुतेक वेळा दोन गोळ्या खाऊनच आलेला असतो. अस्थिमज्जेचं कल्चर ह्याहून भरवशाचं, पण त्यासाठी हाडात सुई कोण टोचून घेणार.

रिपोर्टात खाली एएच आणि बीएच असे आणखी दोन रकाने असतात ते पॅराटायफॉईड ए आणि बीचे, म्हणजे टायफॉईडच्याच जवळच्या जंतूंनी येणाऱ्या तशाच तापांचे, हे पॅराटायफॉईड नावही १८९६ चंच, पॅरिसचंच, आशार आणि बँसोदचं. बी आपल्याकडे क्वचितच सापडतो, पण रकाना छापलेला आहे म्हणून लॅबवाला त्याचाही थेंब टाकतोच.