वर्ण सावळा, बांधा मध्यम: फरारी माणसाचे अंकगणित

'वर्ण सावळा, बांधा मध्यम, चेहरा गोल, नाक सरळ, अंगात पांढरा शर्ट' अशा मजकुराचे पोलिसांचे निवेदन वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दिसले, की या वर्णनात निम्मा महाराष्ट्र बसतो अशी थट्टा ठरलेली असते. थट्टा खोटी नाही, पण निम्मा महाराष्ट्र बसतो म्हणजेच उरलेला निम्मा बाद झाला, याकडे थट्टा करणाऱ्याचे लक्ष जात नाही. गुन्हेगार शोधण्यासाठी निघालेल्या पोलिसी वृत्तपत्राचा सारा डोलारा या बाद करण्यावरच उभा होता.

असे पत्र पद्धतशीरपणे काढण्याचे श्रेय लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयाचे दंडाधिकारी जॉन फील्डिंग यांना जाते. एकोणिसाव्या वर्षी अपघातात त्यांची दृष्टी गेली होती आणि शहरातल्या असंख्य चोरांना ते केवळ आवाजावरून ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. इंग्लंडभरातल्या नगरप्रमुखांनी आणि दंडाधिकाऱ्यांनी आपापल्या भागातून फरार झालेल्यांचे व चोरीस गेलेल्या घोड्यांचे वर्णन बो स्ट्रीटला कळवावे आणि तेथून ते छापून सर्वांना परत पाठवावे, अशी योजना या अंध माणसाने १७७२ मध्ये आखली. त्याआधी, १२८५ च्या विंचेस्टर कायद्यानुसार, गुन्हा घडला की हाकाटी करून सगळ्या पंचक्रोशीने चोराचा पाठलाग करायचा असे. पण पंचक्रोशी ओलांडलेल्या चोरासाठी ती हाकाटी निरुपयोगी ठरे. फील्डिंग यांच्या पत्राला पुढे 'ह्यू अँड क्राय', म्हणजे हाकाटी, हेच नाव मिळाले. १८२८ पासून ते 'पोलीस गॅझेट' झाले आणि १८८० च्या दशकात लंडन पोलिसांच्या ताब्यात आले.

आता गणिताकडे वळू. त्या काळच्या लंडनची वस्ती साडेसात लाखांच्या आसपास धरू. वर्णनातला प्रत्येक तपशील उरलेल्यांपैकी निम्म्या लोकांना बाद करतो असे मानले, तर दहा तपशिलांनंतर सुमारे ७३० माणसे उरतात आणि वीस तपशिलांनंतर एकही उरू नये अशी स्थिती येते, कारण दोनाचा विसावा घात १०,४८,५७६ होतो. हजारात एखाद्याच्याच अंगावर असणारी खूण, उदाहरणार्थ तुटलेले बोट, एकटीच जवळजवळ दहा तपशिलांचे काम करते. मात्र खुणेची किंमत खुणेत नसून ती किती विरळा आहे यात असते. अठराव्या शतकात देवीचे व्रण असलेले चेहरे इतके सर्रास दिसत की 'तोंडावर देवीचे व्रण' एवढ्याने फारसे कोणी बाद होत नसे. १७९६ मध्ये जेन्नर यांनी केलेल्या प्रयोगानंतर लस टोचण्याची पद्धत जसजशी पसरली, तसतशी तीच खूण पोलिसांच्या अधिक उपयोगाची झाली असली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटच्या अंकांत पलटणीतून पळालेल्या शिपायांच्या लांबलचक याद्या आढळतात. वय, उंची, केस, डोळे, मूळ धंदा, जन्मगाव असे रकाने त्यांत असतात आणि उंची इंचांपर्यंत काटेकोर दिलेली असते. चोराच्या वर्णनात हा काटेकोरपणा सहसा येत नाही, कारण शिपायाला भरतीच्या वेळीच मोजलेले असते, तर चोराची उंची घाबरलेल्या साक्षीदाराने अंधारात अंदाजाने सांगितलेली असते. वर्णनातला एक तपशील चुकला तर बाद होणाऱ्यांमध्ये खरा चोरच निघून जातो. 'वय सुमारे तीस' यातला 'सुमारे' हा शब्द म्हणूनच लेखनिकाचा आळस नव्हे.

या हिशेबातली मोठी अडचण वेगळीच आहे. दोन तपशील एकमेकांवर अवलंबून असतील तर दुसऱ्याने फारसे कोणी बाद होत नाही: माणूस उंच आहे हे कळल्यावर त्याचे पाय लांब आहेत हे सांगून नवे काहीच सांगितले जात नाही. पॅरिसच्या पोलीस कचेरीतले अल्फाँस बर्तियों यांनी १८८० च्या दशकात कैद्यांची अकरा मोजमापे घेण्याची पद्धत रूढ केली. प्रत्येक मोजमापाचे लहान, मध्यम, मोठे असे तीन गट पाडले तर कैद्यांच्या नोंदींची कार्डे ठेवायला १,७७,१४७ खण तयार होतात. पण शरीराची मोजमापे एकमेकांना धरून वाढत असल्याने कार्डे थोड्याच खणांत दाटतात. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी या दोषावर बोट ठेवले आणि त्याच सुमारास, १८८८ मध्ये, दोन राशी किती प्रमाणात एकत्र बदलतात हे मोजणारी सहसंबंधाची संकल्पना मांडली. आज संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागणारी ही गोष्ट, चोर ओळखण्याच्या प्रश्नाशी इतकी जवळून जोडलेली आहे.

खणांत वाटण्याचे हेच काम बोटांच्या ठशांनी अधिक देखणेपणाने केले. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी जी वर्गवारी बसवली, तिचा पहिला प्रश्न एवढाच होता, की या बोटावर चक्र आहे की नाही? दहा बोटांची दहा उत्तरे, म्हणजे दोनाचा दहावा घात, १,०२४ खण. उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत बोटांना एक ते दहा क्रमांक आणि त्यांच्या पाच जोड्यांना क्रमाने १६, ८, ४, २, १ असे गुण दिलेले असतात. सम क्रमांकाच्या बोटांवरील चक्रांचे गुण अंशात आणि विषम क्रमांकाच्या बोटांवरील चक्रांचे गुण छेदात मिळवून दोन्हींत एक-एक वाढवायचा. केवळ उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या अनामिकेवर चक्र असेल तर अंशात ८ अधिक १ आणि छेदात १६ अधिक १, म्हणून कार्ड ९/१७ च्या खणात जाते. आपल्याकडे बोटांवरचे शंख-चक्र मोजून राजयोग सांगणाऱ्यांची कमतरता नाही. त्यांनी मोजणी तेवढी बरोबर केली, भाग्याचा मात्र तिच्याशी काडीचा संबंध नाही. एका बोटावर चक्र असले की इतर बोटांवरही असण्याची शक्यता वाढते, त्यामुळे हे खणही सारखे भरत नाहीत आणि एकही चक्र नसलेल्यांचा १/१ हा खण कायम गच्च असे.

१८९७ मध्ये ही पद्धत हिंदुस्थानात आणि १९०१ मध्ये लंडनला लागू झाली, तरी पोलीस गॅझेट बंद पडले नाही. ठसा हा हाती लागलेल्या माणसाचे पूर्वीचे नाव व गुन्हे सांगतो. समोरून चालत जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या बोटांवर किती चक्रे आहेत हे गस्तीवरच्या शिपायाला दिसत नाही, आणि त्याच्यासाठी उंची, बांधा, चाल व व्रण यांचा मजकूर विसाव्या शतकातही छापला जात राहिला.