युवक महोत्सव (विद्यापीठीय)

विद्यापीठ परिसरातील विभाग आणि संलग्न महाविद्यालये यांच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ दरवर्षी भरवत असलेली संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला यांची स्पर्धा. बोलताना ‘युवक महोत्सव’, ‘युवा महोत्सव’ आणि ‘यूथ फेस्टिव्हल’ ही तिन्ही नावे चालतात. काही विद्यापीठांनी स्वतःचे नावही दिले आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा ‘युवारंग’, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा ‘ज्ञानतीर्थ’, तर सोलापूर विद्यापीठाचा ‘उन्मेष सृजनरंगांचा’.

महाविद्यालयीन जीवनातील इतर उत्सवांपासून हा प्रकार वेगळा ओळखावा लागतो. स्नेहसंमेलन किंवा गॅदरिंग हा एकाच महाविद्यालयाचा घरचा कार्यक्रम असतो. मुंबईच्या आयआयटीचा १९७१ पासूनचा ‘मूड इंडिगो’ विद्यार्थीच प्रायोजक मिळवून उभा करतात. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही विद्यापीठाबाहेरची संस्था घेते. युवक महोत्सव मात्र विद्यापीठ स्वतः, स्वतःच्या नियमांनी आणि बऱ्याच अंशी स्वतःच्या खर्चाने भरवते. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या, सभागृहही नसलेल्या महाविद्यालयाला मोठ्या शहरातल्या नामवंत महाविद्यालयाच्या बरोबरीने रंगमंच मिळतो. या महोत्सवाचे खरे मोल यातच आहे.

इतिहास

भारतातील पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव १९५४ मध्ये दिल्लीत तालकटोरा बागेत भरला. स्वातंत्र्याला सात वर्षे झाली होती आणि देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतील तरुणांनी एकमेकांची गाणी ऐकावीत, नृत्ये पाहावीत ही त्यामागची इच्छा होती. पुढे ही परंपरा खंडित झाली. १९८० च्या दशकात भारतीय विश्वविद्यालय संघाने ती पुन्हा उभी केली. हा संघ १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झाला आणि त्याचे आजचे नाव १९७३ पासूनचे आहे. आजच्या स्पर्धाप्रकारांची यादी, वेळेची बंधने, संघातील संख्या आणि वयाची २५ वर्षांची अट ही मुख्यतः या संघाच्या नियमावलीतून आलेली आहे.

महाराष्ट्रात मुंबई (१८५७) आणि नागपूर (१९२३) ही जुनी विद्यापीठे. त्यांच्यानंतर पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८), शिवाजी (१९६२), अमरावती (१९८३), उत्तर महाराष्ट्र (१९९०), नांदेड (१९९४), सोलापूर (२००४) आणि गोंडवाना (२०११) अशी विद्यापीठे निघत गेली. प्रत्येक नव्या विद्यापीठाबरोबर मध्यवर्ती महोत्सवाचे ठिकाण विद्यार्थ्याच्या गावाजवळ आले. गडचिरोलीच्या मुलाला नागपूर गाठावे लागत असे किंवा लातूरच्या मुलीला औरंगाबादला जावे लागत असे, ते दिवस मागे पडले. विद्यापीठांचे विभाजन प्रशासनासाठी झाले असले, तरी त्याचा हा लाभ सहसा कोणी मोजत नाही.

स्वरूप आणि नियम

मोठ्या कार्यक्षेत्राच्या विद्यापीठांत आधी जिल्हा किंवा विभाग पातळीवर निवड होते आणि मग मध्यवर्ती महोत्सव होतो. तेथील निवडक विद्यार्थी विद्यापीठाचा संघ म्हणून आंतरविद्यापीठ स्पर्धांना जातात. आधी विभागीय फेरी आणि तीत यश मिळाले तर राष्ट्रीय महोत्सव, असा हा मार्ग असतो. पश्चिम विभागात महाराष्ट्र आणि गुजरातमधील विद्यापीठे समोरासमोर येतात. राज्यातल्या राज्यात ‘इंद्रधनुष्य’ हा आंतरविद्यापीठ महोत्सव होतो. राज्यपाल हे सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती असल्याने तो त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाला. दरवर्षी वेगळे विद्यापीठ त्याचे यजमान असते.

स्पर्धा पाच गटांत होतात. संगीतात शास्त्रीय गायन, तालवाद्य, सूरवाद्य, सुगम गायन, समूहगीत, पाश्चात्त्य गायन आणि लोकवाद्यवृंद येतात. नृत्यात शास्त्रीय नृत्य आणि लोक-आदिवासी नृत्य, वाङ्मयात वक्तृत्व, वादविवाद आणि प्रश्नमंजूषा, तर नाट्यात एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय आणि नकला असतात. ललित कला गटात स्थळचित्र, चिकटचित्र, भित्तिपत्रक, मातीकाम, व्यंगचित्र, रांगोळी आणि छायाचित्रण यांचा समावेश होतो. एकांकिकेला ३० मिनिटे, प्रहसनाला १० आणि मूकाभिनयाला ५ अशी साधारण वेळ असते. चित्रकाराला विषय तिथेच, त्या क्षणी कळतो आणि साधारण अडीच तासांत काम संपवावे लागते.

सुगम गायनात चित्रपटगीत चालत नाही. या एका अटीचा महाराष्ट्रात फार चांगला परिणाम झाला आहे. एरवी मोबाइलवरचीच गाणी गाणारा विद्यार्थी अभंग, भावगीत, गझल किंवा भक्तिगीत शोधू लागतो आणि त्यासाठी गावातल्या भजनी मंडळाकडे किंवा जुन्या शिक्षकाकडे जातो. नाट्यसंगीताची स्वतंत्र स्पर्धा हे तर महाराष्ट्राचे खास वैशिष्ट्य. राज्याबाहेरच्या महोत्सवांत ती सहसा भेटत नाही.

लोककला

मराठवाड्यातील महोत्सव हा या परंपरेचा सर्वांत समृद्ध भाग मानावा लागेल. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने राष्ट्रीय यादीवर न थांबता पोवाडा, भारूड, गोंधळ, वासुदेव, लावणी, जलसा, लोकनाट्य अशा प्रकारांना स्वतंत्र स्पर्धांचे स्थान दिले. नांदेडनेही तीच वाट धरली. या स्पर्धांच्या वेळी मंडप भरलेला असतो, आणि श्रोत्यांत विद्यार्थ्यांइतकेच गावकरीही असतात.

यातील जलशाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात समाजप्रबोधन आणले. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगावी नेला. बाबासाहेबांनी ज्या शहरात १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि ज्या विद्यापीठाला १९९४ मध्ये त्यांचे नाव मिळाले, तिथे आजची मुले जलशात शेतकऱ्यांच्या आत्महत्या, हुंडा, दुष्काळ, नोकरभरती हे विषय घेतात. चौकट जुनी असते आणि प्रश्न आजचे असतात. भारुडाचेही तसेच होते. एकनाथांचा विंचू, जोशी, दादला ही रूपके तशीच राहतात आणि त्यांच्यातून व्यसन, मोबाइलचा नाद, भ्रष्टाचार यांवर बोट ठेवले जाते.

इतर विद्यापीठांचे रंग त्यांच्या भूगोलाप्रमाणे बदलतात. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. त्यामुळे तिथे पालघरचा तारपा, रत्नागिरीची जाखडी आणि मुंबईची कथ्थक शिकलेली मुलगी एकाच महोत्सवात भेटतात. जळगावच्या ‘युवारंग’मध्ये सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल समाजांची नृत्ये, गोंडवाना विद्यापीठात रेला नृत्य, शिवाजी आणि सोलापूर विद्यापीठांत धनगरी गजनृत्य आणि लेझीम. लोकवाद्यवृंदात संबळ, हलगी, दिमडी, तुणतुणे, चौंडके, टाळ, पखवाज एकत्र वाजतात. सोलापूरकडचा संघ असेल तर सुंद्री हे सनईसारखे छोटे वाद्यही ऐकायला मिळते.

ही वाद्ये मुळात जातीजातींत वाटली गेलेली आहेत. संबळ गोंधळ्याचे, हलगी मांग-पोतराजांची, ढोल धनगरांचा. हलगी वाजवणे हे घरात कमीपणाचे मानले गेले म्हणून ती सोडून दिलेल्या कुटुंबातील मुलगा महाविद्यालयाच्या संघात तीच हलगी वाजवतो आणि विद्यापीठाचे सुवर्णपदक आणतो, तेव्हा त्या वाद्याची पत बदलते. त्याच संघात वेगळ्या समाजातील मुलगी त्याच्याकडून हाताचा ठेका शिकते. असे शिकणे वर्गात कोणत्याही अभ्यासक्रमातून घडत नाही. मात्र पदक मिळाल्यानंतर ज्या कलावंताकडून मुले शिकली, त्या म्हाताऱ्या गोंधळ्याचे किंवा पोतराजाचे नाव व्यासपीठावरून क्वचितच घेतले जाते. ही उणीव सहज भरून काढता येण्यासारखी आहे.

तालीम

महोत्सव तीन-चार दिवसांचा, पण त्याचा जीव आधीच्या दीड-दोन महिन्यांत असतो. पावसाळ्यात, तास संपल्यावर, रिकाम्या वर्गात बाके भिंतीला लावून तालमी सुरू होतात. सांस्कृतिक विभागप्रमुख हे बहुधा मराठी, हिंदी किंवा इतिहासाचे प्राध्यापक असतात आणि हे काम नियमित अध्यापन सांभाळून करतात. शेवटची एसटी गाठायची असलेल्या मुलींची तालीम आधी उरकावी लागते. अनेक ठिकाणी स्वतः प्राध्यापकच घरी जाऊन पालकांशी बोलतात आणि मगच मुलीला मुक्कामाच्या स्पर्धेला यायला परवानगी मिळते. एखाद्या महाविद्यालयातून पहिल्यांदा एक मुलगी गेली की पुढच्या वर्षी चार जातात, हा अनेक सांस्कृतिक प्रमुखांचा अनुभव आहे.

अडचणीही याच काळात दिसतात. जिंकण्याच्या हौसेने काही महाविद्यालये बाहेरचे दिग्दर्शक आणि नृत्यदिग्दर्शक भरपूर मानधन देऊन आणतात, भाड्याचे पोशाख आणि नेपथ्य यांवर मोठा खर्च होतो. मग ज्यांना तो परवडत नाही ते प्राथमिक फेरीतच मागे पडतात. सर्वसाधारण विजेतेपद वर्षानुवर्षे मोजक्या महाविद्यालयांत फिरत राहते. विद्यार्थ्यांनीच लिहिलेल्या संहितेला आणि विद्यार्थी दिग्दर्शकाला वेगळे पारितोषिक देणे हा त्यावरचा त्यातल्या त्यात चांगला उपाय आहे. जिथे तो राबवला जातो तिथे नव्या संहिता येतात.

भावंड उपक्रम

कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने ‘इंद्रधनुष्य’सारखेच आणखी तीन राज्यस्तरीय उपक्रम चालतात. ‘अश्वमेध’ हा क्रीडा महोत्सव, ‘आविष्कार’ हे संशोधन अधिवेशन आणि ‘आव्हान’ हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांसाठीचे आपत्ती व्यवस्थापन शिबिर. ‘आविष्कार’मध्ये विद्यार्थी आपले संशोधन भित्तिपत्रकावर मांडतात आणि परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड देतात. भाषा व ललित कला, वाणिज्य व विधी, शुद्ध विज्ञान, शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, वैद्यक व औषधनिर्माण असे त्याचे गट आहेत. यात पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही भाग घेऊ शकतो. या सर्व उपक्रमांची व्यवस्था महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार स्थापन झालेल्या विद्यार्थी विकास मंडळ, क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ यांसारख्या यंत्रणांकडे असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमांची नवी रचना जाहीर केली. तीत सह-अभ्यासक्रम म्हणून सांस्कृतिक उपक्रम, योग, आरोग्य व स्वास्थ्य, खेळ, राष्ट्रीय सेवा योजना आणि राष्ट्रीय छात्रसेना यांना श्रेयांक (क्रेडिट) देण्याची तरतूद आहे. त्याआधी महोत्सवातील यशाबद्दल काही विद्यापीठे फक्त सवलतीचे गुण देत असत, तेही उत्तीर्ण होण्यास किंवा श्रेणी सुधारण्यास कमी पडले तरच. नव्या रचनेत कलेचा अभ्यास गुणपत्रिकेत नोंदला जातो. तालमीमुळे बुडालेल्या तासांची हजेरी धरायची की नाही, हे मात्र अजून त्या त्या प्राचार्यांच्या मर्जीवर चालते, आणि दर पावसाळ्यात सांस्कृतिक विभागप्रमुखाला त्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो.