खंजिरी भजनाचं मिक्सिंग : मिलिसेकंदांचा हिशेब

मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं (1909–1968) खंजिरी भजन विदर्भात खेडोपाडी पोचलं. आता गावोगावची मंडळं आपली भजनं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतात. गायकासमोर एक माइक, पेटीला आणि तबल्याला एकेक, ते तिन्ही लॅपटॉपच्या इंटरफेसमध्ये (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी). आणि समोर तीनेक मीटरवर स्टँडला मोबाइल, कोरस आणि टाळांसाठी. हे सगळे ट्रॅक रीपर किंवा ऑडेसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक लावले की गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ लागतो. मग ईक्यूची, म्हणजे खर्ज-तार पट्ट्या कमीजास्त करण्याची, खटपट सुरू होते. ती बहुतेक वेळा वाया जाते, कारण बिघाड सुरांच्या पट्ट्यांत नसतो, वेळेत असतो.

हवेत ध्वनीचा वेग 20 अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे 343 मीटर, 40 अंशांना सुमारे 355 मीटर. वैशाखातल्या तापलेल्या संध्याकाळी तीन मीटर पार करून मोबाइलपर्यंत पोचायला गायकाच्या आवाजाला साधारण 8.5 मिलिसेकंद लागतात. एवढं अंतर कानाला प्रतिध्वनी म्हणून कळत नाही. पण तोच आवाज 8.5 मिलिसेकंदांनी मागे ठेवून स्वतःतच मिसळला, की 59, 177, 296, 414 हर्ट्झ अशा ठरावीक जागी लाटा एकमेकींना खातात आणि त्यांच्या अधल्यामधल्या जागा फुगतात. गळ्याचा भरदारपणा नेमका याच पट्ट्यात असतो. हे खड्डे पार वरपर्यंत ओळीने पडत जातात, म्हणून एकेक करून ईक्यूने बुजवता येत नाहीत.

उपाय सरकवण्याचा. खंजिरी गायकाच्याच हातात असते, तेव्हा तिची थाप हीच उत्तम खूण. स्नॅप (ट्रॅक आपोआप ठरावीक रेघांना चिकटण्याची सोय) बंद करा, थापेची एकच लाट पडद्यावर मावेल इतकं झूम करा, आणि मोबाइलचा ट्रॅक सरकवून दोन्हीकडे लाटेची पहिली उसळी एका रेषेत आणा. 48,000 सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची 48,000 मोजमापं) 8.5 मिलिसेकंद म्हणजे सुमारे 400 सॅम्पल. दूर झूम करून ते दिसतसुद्धा नाहीत. पहिली उसळी एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली असेल, तर मोबाइलच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे लाटेचं वर-खाली उलटवा. मग मोबाइल म्यूट करून पुन्हा उघडा. उघडल्यावर आवाज बारीक झाला तर जागा अजून चुकते आहे.

जवळचे माइक मात्र असे सरकवू नका. गायकाचा आवाज पेटीच्या माइकमध्ये उशिरा येतो, तसा पेटीचा गायकाच्या माइकमध्ये. एकाची दुरुस्ती केली की दुसऱ्याचा उशीर दुप्पट होतो. तिथे माइक वाद्याच्या जवळ घेणं आणि गायन चालू नसताना गायकाचा ट्रॅक थोडा खाली ओढणं, एवढंच खरं.

सुरुवात जुळली तरी शेवट जुळेलच असं नाही. मोबाइल आणि इंटरफेस आपापल्या स्फटिकाच्या घड्याळावर चालतात. त्यांच्यात दहा लाखांत 50 भागांचा फरक असला, तर अर्ध्या तासात 90 मिलिसेकंद जमतात, आणि शेवटच्या कडव्यात टाळ सरळ दोनदा ऐकू येतो. म्हणून भजनाआधी आणि संपल्यावर, मशीन बंद करण्याअगोदर, गायकाच्या माइकजवळ एकेक टाळी वाजवावी. पहिली टाळी जुळवायची. रीपरमध्ये ऑल्ट दाबून ट्रॅकची उजवी कड ओढत दुसरी जुळवायची. सूर राखण्याचा पर्याय तेवढा बंद करा. इतक्या सूक्ष्म ताणात सूर बदललेला कळत नाही, उलट तो पर्यायच आवाजावर ओरखडे उठवतो.

खंजिरीचा दुसरा त्रास कॉम्प्रेसरचा, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनाचा. थाप गायकाच्या माइकमध्ये गळ्यापेक्षा बरीच जोरात येते. कॉम्प्रेसर थापेवर झडप घालतो आणि तिच्यामागचा शब्द दबतो. ऐकणारा म्हणतो, ‘आवाज आतबाहेर होऊन राह्यला.’ आधी लिमिटरने (आवाज ठरल्या मर्यादेवर जाऊ न देणारं साधन) फक्त थापांचे शेंडे तीन-चार डेसिबल उतरवा, मग 2:1 चा कॉम्प्रेसर (मर्यादेवरचा आवाज निम्मा करणारा), अटॅक, म्हणजे दाबायला लागण्याआधीचा वेळ, 20–30 मिलिसेकंद. त्याहीपेक्षा बरं म्हणजे दबलेल्या ओळींची पातळी हाताने ओळीगणिक उचलणं. कंटाळवाणं आहे, पण असं मिक्स ऐकताना ओळखू येतं.

कूलर शक्यतो बंदच ठेवावा. नाहीच जमलं, तर भजनाआधी कूलरचा एकटा आवाज दोन-तीन सेकंद रेकॉर्ड करा आणि ऑडेसिटीच्या नॉइज रिडक्शनला तोच नमुना द्या. कपात 6 ते 9 डेसिबल. त्यापुढे गेलात की टाळांचा झणकार मरतो आणि मागे चिवचिव उरते. मधेच कोणी कूलरचा स्पीड बदलला, तर तो नमुना पुढच्या भागाला चालत नाही. चार्जरमुळे येणाऱ्या 50 हर्ट्झच्या घुंईसाठी लॅपटॉप बॅटरीवर चालवणं हा सर्वात स्वस्त फिल्टर. खोकला कापताना जोडावर 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा उतरत असताना दुसरा चढवणं) द्या, नाहीतर ‘टक्’ वाजतं.

यूट्यूबसाठी लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारी सरासरी पातळी, −14 एलयूएफएसच्या (तिचं एकक) आसपास आणि सर्वोच्च शेंडा −1 डेसिबल ठेवा. सप्त्यात भोंग्यावर वाजवायची प्रत वेगळी काढा: मोनो, आणि 200 हर्ट्झखालचं कापलेली. भोंगा तो खर्ज वाजवू शकत नाही, नुसता थरथरतो आणि शब्द फाटतात.