डिस्क फॉरमॅट आणि पार्टिशन

हार्ड डिस्कचे भाग पाडणं म्हणजे पार्टिशन आणि त्या भागावर फाइल सिस्टिम (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याचा हिशोब ठेवायची पद्धत) घालणं म्हणजे फॉरमॅट. आपल्याकडे 'फॉरमॅट मारला' म्हटलं की सी ड्राइव्ह पुसून विंडोज परत टाकलं एवढाच अर्थ निघतो, डी ड्राइव्हवरचे फोटो तसेच राहतात. ट्रॅक-सेक्टर (डिस्कवरचे गोल पट्टे आणि त्यांचे तुकडे) आखायचं खरं लो-लेव्हल फॉरमॅट मात्र आयडीई डिस्का (कंट्रोलर डिस्कमध्येच असलेल्या) आल्यापासून कारखान्यातच होतं.

पीसीवरचा पार्टिशन तक्ता मार्च १९८३ चा, पीसी डॉस २.० आणि १० एमबी डिस्कवाल्या आयबीएम एक्सटीसोबत आलेला. पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ४४६ बाइट बूट कोडला (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला), ६४ तक्त्याला आणि शेवटचे २ खुणेचे. एका नोंदीला १६ बाइट, म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच, आणि सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा म्हणून साधारण २.२ टीबीच्या पुढे हा तक्ता पोचतच नाही. इंटेलच्या ईएफआयमधून (बायोसच्या जागी आलेल्या, संगणक सुरू करणाऱ्या व्यवस्थेतून) आलेल्या जीपीटी या नव्या तक्त्यात सहसा १२८ नोंदी असतात, शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

फॅट (फाइल अ‍ॅलोकेशन टेबल) ही फाइल सिस्टिम कोणी काढली यावर एकमत नाही. बिल गेट्सनेच १९७६ च्या सुमारास हॉटेलात बसून लिहिली अशी एक गोष्ट सांगतात, पण तेव्हाची डिस्क बेसिक (डिस्क वापरू शकणारी बेसिक भाषा) आणि फॅट यांची त्यात सरमिसळ झालेली दिसते. मायक्रोसॉफ्टच्याच मार्क मॅकडोनाल्डने साधारण १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टँडअलोन डिस्क बेसिकसाठी ती लिहिली हे जास्त पटतं, अर्थात गेट्सशी चर्चा झाली असणारच. ती आवृत्ती ८ बिटांची, टिम पॅटर्सनने १९८० मध्ये ८६-डॉससाठी (एमएस-डॉसचा पूर्वज) कल्पना उचलली आणि नोंदी १२ बिटांच्या केल्या, म्हणजे आज पेनड्राइव्हवर दिसणारी फॅट३२ याच घराण्यातली (एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी, ही अडचण पण तिचीच).

दुरुस्तीला विंडोजवर चेकडिस्क, युनिक्स-लिनक्सवर एफएससीके (fsck). दोन्ही फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवतात, फाइल वाचवायची हमी देत नाहीत, त्यामुळे डिस्क कटकट आवाज करत असेल तर आधी तिची कॉपी काढायची, दुरुस्ती नंतर. चुकून पार्टिशन उडालं तरी तक्त्यातली नोंदच गेलेली असते, भागाचा बूट सेक्टर (त्या भागाची माहिती असलेला पहिला सेक्टर) जागेवरच असतो आणि टेस्टडिस्कसारखं टूल तो हुडकून नोंद परत लिहितं. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) तर बूट सेक्टरची एक प्रत भागाच्या शेवटी ठेवते. क्विक फॉरमॅटमध्येही डेटा जागेवरच राहतो, व्हिस्टापासून पुढे फुल फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्यं लिहितं. एसएसडीला क्विक फॉरमॅटचं हे लागू नाही, तिथे ट्रिम (रिकाम्या झालेल्या जागा एसएसडीला कळवणारी आज्ञा) चालू असेल तर क्विक फॉरमॅटनंतरही सहसा काही हाती लागत नाही.