कार्बोरेटर ओव्हरफ्लो

हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी ठरलेल्या रेषेच्या वर चढून ते नळीवाटे बाहेर गळणे किंवा इंजिनात उतरणे, या बिघाडाला कार्बोरेटर ओव्हरफ्लो म्हणतात. गॅरेजमध्ये ‘कार्बोरेटर ओव्हर होतोय’ एवढे म्हटले की पुरते.

गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक जे काम करतो तेच वाटीत फ्लोट (तरंगणारा पोकळ डबा) करतो. पेट्रोल भरत गेले की फ्लोट वर उचलला जातो, त्याची पट्टी निडलला (टोकदार झडपेला) वर ढकलते आणि निडलचे टोक सीटमध्ये (पेट्रोल येण्याच्या भोकाच्या कडेत) बसून येणारी धार बंद होते. विल्हेल्म मायबाख यांनी 1893 मध्ये फ्लोट असलेला फवारा कार्बोरेटर तयार केला, तेव्हापासून हे मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही. ओव्हरफ्लोची जवळजवळ सगळी कारणेही याच साखळीत सापडतात: सीटमध्ये अडकलेला कचरा, झिजलेली निडल, भोक पडून आत पेट्रोल शिरलेला फ्लोट, पिनवर अडखळणारा फ्लोट किंवा त्याची चुकलेली उंची.

ओव्हर होणे नेहमीच बिघाड नसते. जुन्या बुलेटच्या अमल कार्बोरेटरवर टिकलरचे बटण असे. थंड इंजिन चालू करताना ते दाबून फ्लोट मुद्दाम खाली धरायचा आणि पेट्रोलने बोट ओले झाले की किक मारायची. महाराष्ट्रात एकेकाळी घरोघरी दिसणारी, किक मारण्याआधी स्कूटर एका बाजूला वाकवण्याची पद्धतही याच जातीची. तिरक्या स्थितीत फ्लोटची पातळी मोडते आणि जेटकडे (इंजिनाकडे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राकडे) जास्त पेट्रोल जाते. (टाकीत तळाला उरलेले पेट्रोल कॉककडे आणण्यासाठीही स्कूटर वाकवत.)

निदानात पहिला प्रश्न एकच: इंजिन बंद असताना गळते का? गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून पेट्रोल कॉक ऑन ठेवावा आणि ओव्हरफ्लोची नळी पाहावी. थेंब पडत असतील तर दोष फ्लोट, निडल किंवा वाटीचा. थेंब नाही, पण प्लग ओला किंवा काजळीने काळा, सायलेन्सरमधून काळा धूर आणि ॲव्हरेज घसरलेले, तर आधी चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावे म्हणून असलेली कळ) अडकला आहे का आणि एअर फिल्टर तुंबला आहे का ते पाहावे. गिअर नसलेल्या अनेक स्कूटरना व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असतो. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल व्हॅक्यूमच्या नळीतून थेट इंजिनात ओढले जाते आणि दोष मात्र कार्बोरेटरवर येतो. ती नळी काढून आत पेट्रोलचा ओलावा दिसला की प्रश्न सुटला.

गळती दिसल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच ठोकावे. कचऱ्याचा कण सुटून गळती थांबतेही, पण तो टाकीतून आला असेल तर दुसरा येणारच. म्हणून टाकीचा तळ आणि कॉकची जाळी साफ केल्याशिवाय काम पूर्ण झाले असे धरू नये.

कार्बोरेटर खोलल्यावर निडल उजेडात धरावी. तिच्या रबरी टोकावर सीटच्या कडेने गोल चरा पाडलेला असतो. डोळ्यांना दिसला नाही तरी नखाला लागतो. चरा लागला की निडल बदलायची, घासून चालत नाही. सीट कापडाच्या बोळ्याने पुसावी, तार किंवा पॉलिश पेपर कधीही घालू नये, कारण सीट अनेक गाड्यांत दाबून बसवलेली असते आणि वेगळी मिळत नाही. फ्लोट कानाशी हलवावा. आत खळखळ ऐकू आली तर तो गेला. जोडणी झाल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून फुंकावे. हवा जाता कामा नये.

फ्लोटची उंची कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे मिलिमीटरमध्ये मोजतात. फ्लोटच्या पट्टीने निडलला नुसता स्पर्श करायला हवा, तिच्यातली स्प्रिंगची पिन दाबली गेली तर माप चुकते. एवढे करूनही गळत असेल तर वाटीतली, जास्तीचे पेट्रोल बाहेर सोडणारी उभी पितळी नळी तपासावी. तिला केसासारखी चीर गेली की पातळी बरोबर असूनही पेट्रोल गळत राहते. सुटी वाटी पेट्रोलने भरून कागदावर ठेवली की हा दोष लगेच दिसतो. लोक नवा कार्बोरेटर घेऊन बसतात आणि मूळ दोष या एका नळीत असतो, हे पाहून वाईट वाटते.

ही कामे गार इंजिनावर, मोकळ्या हवेत आणि ज्योतीपासून दूर करावीत. ओल्या झालेल्या इंजिनासाठी कॉक आणि चोक बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून किक माराव्यात. प्लग काढून पुसला तर आणखी चांगले. मात्र फोर-स्ट्रोक गाडी रात्रभर ओव्हर झाली असेल तर आधी ऑइलची काडी काढून वास घ्यावा. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर ऑइल बदलल्यावरच इंजिन चालू करावे, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगला वाचवू शकत नाही.

1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरासंबंधीचे बीएस-6 नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांत मात्र कार्बोरेटर अजून आहे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल धरते आणि जुन्या रबराला मानवत नाही. अशी गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीच्या ड्रेन स्क्रूने पेट्रोल काढून ठेवावे.