नर्मदेचं पाणी गंगेच्या वाटेला

इंदूरच्या माझ्या स्वयंपाकघरात नळाला येतं ते नर्मदेचं पाणी. त्याच पाण्यात तांदूळ धुतले की धुवण मोरीतून उताराला लागतं आणि खान नदी गाठतं. आता ही वाट नकाशावर बोटानं पुढे न्या. खान क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला आणि यमुना प्रयागला गंगेला. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आमच्या घरातून बंगालच्या उपसागराकडे वळतं!

कारण जमिनीच्या कलात आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलंय. खंडव्याच्या रस्त्यानं दक्षिणेला निघालं की सिमरोलच्या पुढे पठाराची कड तुटते, घाट लागतो आणि खाली निमाड दिसू लागतं. घाटातली चोरल नदी नर्मदेला जाते. कडेच्या अलीकडचं पठार मात्र उत्तरेकडे कललेलं आहे. त्यामुळे महूजवळच्या ८५४ मीटर उंच जानापावच्या डोंगरात उगवणारी चंबळ आणि इंदूरच्या दक्षिणेच्या टेकाडांतून येणारी खान, दोघीही नर्मदा इतकी जवळ असून तिच्याकडे पाठ फिरवतात. दोन खोऱ्यांमधल्या अशा कडेला जलविभाजक म्हणतात. पावसाचा थेंब तिच्या कोणत्या अंगाला पडला, यावर त्याचा समुद्र ठरतो.

नळाचं पाणी ही कड पंपांच्या जोरावर ओलांडतं. १९७८ साली मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदा इंदूरला आली. अंतर सुमारे ७० किलोमीटर, चढ जवळपास ५०० मीटरचा. हजार लिटर पाणी इतकं वर चढवायचं तर गणितानं जवळजवळ १.४ युनिट वीज लागते, आणि पंपातली व नळातली घट धरली की त्याहून बरीच जास्त. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की मला हा आकडा आठवतो.

खान मुळात पावसाळी नदी. इथला खडक बेसॉल्टचा, म्हणजे सह्याद्रीतलाच काळा पाषाण. त्याच्या अंगात पाणी फारसं मुरत नाही. भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठतं तेवढंच. चार महिन्यांचा पाऊस ओसरला की अशा नद्यांची धार बारीक होत जाते. तरीही भर मे महिन्यात कृष्णपुऱ्याला, होळकरांच्या छत्र्यांपाशी सरस्वती नावाची इथली नदी खानला मिळते तिथे, पाणी असतंच. त्यातलं बरंचसं घराघरांतून आलेलं, म्हणजे पुन्हा नर्मदेचंच. कबीटखेडीच्या केंद्रात सांडपाणी शुद्ध करून सोडतात, तेही याच प्रवाहात येतं. लोक खानला सर्रास नाला म्हणतात, ते मला फार लागतं. होळकरांच्या छत्र्या काही नाल्याकाठी बांधलेल्या नाहीत.

पुढे सांवेर तालुक्यातून जाऊन उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीला खान क्षिप्रेत मिसळते. २०१४ पासून जोडयोजनेतून नर्मदेचं पाणी क्षिप्रेच्या उगमाशीही सोडता येतं. ते सोडलेलं असेल तेव्हा या संगमावर नर्मदेला नर्मदाच भेटते: एक थेट आलेली, दुसरी आमच्या मोऱ्यांतून फिरून आलेली. २०१६ च्या सिंहस्थासाठी ही दुसरी नर्मदा बंद नळातून स्नानाच्या घाटांना वळसा घालून उज्जैनच्या पुढे नेण्यात आली.

जूनअखेर पहिला दांडगा पाऊस झाला की मी कृष्णपुऱ्याच्या पुलावर जाऊन उभी राहते. तेव्हा खाली शेतांची काळी माती घेऊन जे गढूळ पाणी फोफावत येतं, ते खानचं स्वतःचं.